पाहुण्याचे आभार त्याच्या भाषेत: कोकणात नव्याने निवास-न्याहारी सुरू करणाऱ्यांसाठी

घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, बाथरूमला नवी फरशी घातलीत, पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेचे कागद पुरे केलेत आणि फाटकावर ‘येवा, कोकण आपलाच असा’ अशी पाटीही रंगवून घेतलीत. येणाऱ्याची सोय झाली. जाणाऱ्याचं काय? सकाळी सामान डिकीत टाकून झालं की पाहुणा गाडीची काच खाली करतो आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलतो. आभार मानतोय एवढं कळतं, पण उलट काय म्हणायचं ते सुचत नाही. मग ‘थँक यू, थँक यू’ म्हणत गाडी वळेपर्यंत आपण हात हलवत राहतो.

आमच्या मालवण तालुक्यात कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गोवा, बंगळूर, सुरत असा सगळा माणूस येतो. मधूनच एखादा जर्मन नाहीतर फ्रेंच. प्रत्येकाची भाषा शिकायला कुणाला वेळ आहे? तशी गरजही नाही. पण आभाराचे चार शब्द नीट उच्चारता आले आणि कोणते कुणासमोर काढायचे हे कळलं, तर पाहुण्याचा चेहरा बदलतो. पुढच्या वेळी तो भावाला घेऊन येतो, हा त्यातला व्यवहारही आहेच.

जवळ काय हवं

- आभाराचे शब्द उतरवून ठेवायला एक साधी वही. पाहुण्यांच्या नोंदवहीपासून वेगळी ठेवा, नाहीतर पोलीस तपासणीच्या दिवशी ‘आभार’ हेच पान उघडेल.
- मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय. ती सगळ्या फोनमध्ये असते, फक्त शोधून पहिल्या पडद्यावर आणून ठेवा.
- भाषांतराचं अ‍ॅप, हव्या त्या भाषा आधीच उतरवून ठेवलेल्या. देवबाग, तोंडवलीकडे रेंज कधी जाईल याचा नेम नाही. गुगलच्या भाषांतरात २०२२ पासून कोकणी आहे. मालवणी नाही, ती तुमच्या तोंडात आहेच.
- स्वयंपाकघरात चिकटवायला जाड कागद आणि ठसठशीत स्केचपेन.
- पाहुण्याचं ओळखपत्र. ते तुम्ही घेताच. त्यावरून गाव कळतं, भाषा कळेलच असं नाही. त्याबद्दल दुसऱ्या पायरीत.

१. आधी उत्तर शिका, आभार नंतर

बहुतेक जण उलटं करतात. दहा भाषांतलं ‘धन्यवाद’ पाठ करतात. पण यजमान आभार मानतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकतो. चहा दिला, आभार. टॉवेल बदलला, आभार. होडीवाल्याला फोन लावून दिला, आभार. तेव्हा कामाला येतं ते उत्तर.

आपल्या मराठीत आपण म्हणतो ‘अहो, त्यात काय’ किंवा ‘असू दे हो’. गंमत अशी की शेजारच्या भाषांतही हाच सूर आहे. कन्नडमध्ये ‘परवागिल्ल’, म्हणजे काही हरकत नाही, किंवा ‘इरली बिडि’, म्हणजे आपलं ‘असू द्या’च. तमिळमध्ये ‘परवायिल्लै’. कन्नड आणि तमिळ शब्द जवळजवळ सारखे, म्हणून हे दोन एका दमात पाठ होतात. गुजरातीत ‘वांधो नहीं’. हिंदीत ‘कोई बात नहीं’. हिंदीत ‘आपका स्वागत है’ म्हणू नका. ते इंग्रजीचं शब्दशः भाषांतर आहे, आणि निघालेल्या माणसाला स्वागत करून परत आत बोलावल्यासारखं वाटतं.

एवढी चार-पाच उत्तरं जिभेवर बसली की निम्मं काम झालं.

२. भाषा ओळखा, पण गाडीच्या नंबरावरून नाही

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

केए २२ ची गाडी फाटकात शिरली की नवा यजमान कन्नडची तयारी करतो. केए २२ म्हणजे बेळगाव, आणि बेळगावचा पाहुणा घरात मराठी बोलणारा असण्याची शक्यता दांडगी. त्याला तुम्ही हौसेने ‘धन्यवादगळु’ म्हणालात तर तो हसेलही, किंवा त्याला ते लागेलही. बेळगावात भाषा हा नाजूक विषय आहे, तो आपल्या अंगणात कशाला? जीजे ०५ म्हणजे सुरत. सुरतेत मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गोव्याच्या जीए पाटीच्या गाडीतून कोकणी बोलणारा उतरेल, मराठी बोलणारा उतरेल, नाहीतर भाड्याची गाडी घेऊन आलेला दिल्लीवाला उतरेल.

आडनावावरूनही पक्कं कळत नाही. कुलकर्णी, देसाई, नाईक ही आडनावं महाराष्ट्रात, कर्नाटकात, गोव्यात सगळीकडे आहेत.

खात्रीचा मार्ग एकच: सामान उतरवताना ती माणसं आपसात काय बोलतात ते ऐका. आई मुलाला चप्पल घाल म्हणून ओरडते ती भाषा खरी. ते जमलं नाही तर सरळ विचारा, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न कुणाला आवडला नाही असं मी पाहिलेलं नाही. ‘तुम्ही कुठले?’ यापेक्षा तो चांगला, कारण त्याला लोक मोकळेपणी उत्तर देतात आणि पुढच्या गप्पाही त्यातूनच निघतात. लगेच दुसरं विचारा: ‘तुमच्याकडे आभार कसे मानतात? एकदा म्हणून दाखवा.’ परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. अ‍ॅपमधल्या आवाजापेक्षा हुबळीच्या आजींचा आवाज लाख पटींनी उपयोगी.

परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट त्याची माहिती सरकारला कळवण्याचा फॉर्म भरताना हातात येतोच, पण तोही भाषा सांगत नाही. स्विस पासपोर्टवाला जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन बोलणारा असू शकतो. त्यातही जर्मन बोलणारे स्विस लोक आभार मानताना सर्रास ‘मेर्सी’ म्हणतात, जो शब्द फ्रेंच. बेल्जियमचा डच बोलेल नाहीतर फ्रेंच. इथेही विचारणं बरं.

३. घाटावरच्या आणि शेजारच्या भाषा

*कोकणी.* गोव्याकडून आलेला पाहुणा ‘देव बरें करूं’ म्हणतो. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘देव बरा करो’ म्हणतात तेच. गाऱ्हाण्यात ‘बरा कर महाराजा’ म्हटल्यावर सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात, त्याच घरातला हा शब्द. त्यामुळे वेगळं काही शिकायचं नाही. आपल्या मालवणीत ‘तुमचाव बरा करो’ म्हटलंत तरी गोव्याच्या माणसाला ते घरचं वाटतं. फक्त घाईघाईत, पावती फाडता फाडता म्हणू नका. ते वाक्य जरा थांबून म्हणायचं असतं.

*कन्नड.* ‘धन्यवादगळु’. ‘धन्यवाद’ला कन्नडचं अनेकवचनी ‘गळु’ लागलं, झालं. हुबळी-धारवाडकडचा माणूस आदराने मागे ‘री’ लावतो, ‘थँक्स री’ म्हणतो. त्याला तुम्हीही ‘री’ लावा. बंगळूरच्या तरुण मंडळींमध्ये ‘तुंबा थँक्स’ जास्त चालतं. त्यांना ‘धन्यवादगळु’ म्हणजे भाषणाच्या शेवटी आल्यासारखं वाटतं, पण आवडतं.

*तेलुगू.* ‘धन्यवादालु’. इथे ‘लु’ अनेकवचनाचं. बोलताना मात्र ते आदराचा ‘अंडी’ जोडून ‘थँक्सण्डी’ म्हणतात. न्याहारीच्या वेळी हे ऐकून पोरगा आणखी दोन आमलेटं घेऊन आला तर त्याला रागावू नका. आधीच सांगून ठेवा.

*तमिळ.* लिहिताना ‘नन्ऱि’, ऐकू येतं ‘नंड्री’च्या जवळपास. बोलण्यात ‘रोंब थँक्स’ सर्वांत सोपं. ‘रोंब’ म्हणजे फार. तमिळ पाहुण्याशी हिंदीतून आभार मानायच्या भानगडीत पडू नका. साधं इंग्रजी ‘थँक यू’ बरं.

*मल्याळम.* ‘नन्दि’. आपण वाचताना महादेवापुढचा नंदी करतो, उच्चार मात्र ‘नन्नी’कडे झुकतो. फार आभार असतील तर आधी ‘वळरे’.

*गुजराती.* ‘आभार’, ‘खूब खूब आभार’. मराठी माणसाला सगळ्यांत सोपी भाषा हीच. गुजराती पाहुण्यांत जैन मंडळी असतील तर कांदा-लसूण आणि कंदमुळं टाळून वेगळ्या भांड्यात केलेलं जेवण हेच खरे आभार, तोंडी आभारांवर त्यांचं भागत नाही.

*बंगाली.* शब्द ‘धन्यवाद’च, पण तोंडात गोल होऊन ‘धोन्नोबाद’ होतो. घरगुती बोलण्यात ‘खूब भालो लागलो’, म्हणजे फार बरं वाटलं, हे जास्त मनापासूनचं. कोलकात्याचा पाहुणा ताज्या बांगड्यावर हे म्हणाला, तर पास झालात असं समजा. मासे पारखण्यात ते आपल्याला ऐकत नाहीत.

*नेपाळी.* पाहुण्यांची नव्हे, राखण्यांची भाषा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याच्या बागांत आणि मच्छीमार बोटींवर नेपाळी माणसं कामाला असतात. ‘धेरै धन्यवाद’ म्हणा. आणि पगार महिन्याच्या महिन्याला द्या.

आता या सगळ्यांना जोडणारी एक गोष्ट, जी मला एकेका ‘धन्यवाद’पेक्षा मोलाची वाटते. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि उंबऱ्यातला माणूस ‘या’ किंवा ‘जाऊन या’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘होगि बन्नि’, तेलुगूत ‘वेळ्ळि रंडि’, तमिळमध्ये ‘पोयिट्टु वांग’. तिन्हींचा अर्थ ‘जाऊन या’. गुजरातीत ‘आवजो’. बंगालीत ‘आबार आशबेन’, म्हणजे पुन्हा या. आभाराच्या शब्दानंतर हे जोडलंत की बोलणं पूर्ण होतं. नुसतं ‘धन्यवादगळु’ म्हणजे दुकानदाराचं. ‘धन्यवादगळु, होगि बन्नि’ म्हणजे घरच्याचं. काहीच आठवलं नाही तर आभार इंग्रजीत माना, पण निरोप पाहुण्याच्या भाषेत द्या.

४. परदेशी पाहुणे

*फ्रेंच:* ‘मेर्सी’, जास्त असेल तर ‘मेर्सी बोकू’. ‘र’ घशातून येतो, पण तो साधण्याच्या नादात खाकरू नका. उत्तर ‘द रियँ’.

*जर्मन:* ‘डांके’. उत्तर ‘बिट्टे’. हा ‘बिट्टे’ बहुगुणी आहे: कृपया, घ्या, त्यात काय, सगळ्याला चालतो. एकच शब्द शिकायचा असेल तर हा शिका.

*स्पॅनिश:* ‘ग्रासियास’, उत्तर ‘दे नादा’. *रशियन:* ‘स्पसीबा’, उत्तर ‘पझालुस्ता’. गोव्यातून वर सरकणारे काही रशियन आपल्याकडेही येतात.

*पोर्तुगीज:* इथे एक खाचखळगा आहे. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे त्यावर नाही, बोलणारं कोण आहे त्यावर हे ठरतं. आपण ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणतो तसंच. म्हणजे घरात नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळा शब्द पाठ करायचा. उत्तर ‘द नादा’. रायगडात कोर्लईला अजूनही पोर्तुगीजातून घडलेली बोली बोलली जाते. म्हणून तिथल्या माणसावर ओब्रिगादु फेकू नका. त्याला तुमच्याइतकंच मराठी येतं.

*जपानी:* ‘आरिगातो गोझाइमास’. शेवटचा ‘उ’ जवळजवळ गिळतात. पण पाहुणा निघत असेल, म्हणजे राहणं संपलं असेल, तर भूतकाळी रूप: ‘आरिगातो गोझाइमाश्ता’. हात मिळवायला पुढे जाऊ नका. किंचित वाकून नमस्कार करा, त्यांना तो नीट समजतो. जेवणानंतर ते ‘गोचिसोसामा’ म्हणतात, त्याबद्दल सहाव्या पायरीत.

*बर्मी:* रत्नागिरीच्या यजमानांनी हे लिहून ठेवावं. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्यानमारहून त्याची समाधी पाहायला लोक येतात, आणि त्यांच्यासाठी ती नुसती सहल नसते. ‘चेझू तिन बादे’ एवढं म्हणा. उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी रत्नागिरीत कुणीतरी बर्मी बोललं याचंच त्यांना अप्रूप.

*हिब्रू:* अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यात घर असेल तर. इस्रायलहून येणाऱ्या पाहुण्याचं आडनाव पेणकर, नवगावकर, किहीमकर असं असू शकतं. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, रायगडचेच. पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. तरुणांना ‘तोदा रबा’ म्हणा, उत्तर द्यायचं तर ‘बेवकाशा’. पण सोबत आजी-आजोबा असतील तर थांबा आणि मराठीतच ‘आभारी आहे’ म्हणा. त्यांनी लहानपणी ऐकलेली भाषा ती, आणि तीच ऐकायला ते एवढ्या लांबून आलेले असतात. ही मंडळी एलियाहू हनाबी अर्थात पैगंबर एलियाचे आभार मानायला मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांचं त्यासंबंधीचं ठिकाण आहे. मलिद्याला पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं लागतात. पाहुण्यांनी सामान मागितलं तर गोंधळू नका, आणि ताट मांडेपर्यंत मधे मधे करू नका. जेवणात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वाढू नका. खवले आणि पर असलेला मासा चालतो.

५. देवाधर्माशी जोडलेले आभार

रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडे कितीतरी मुस्लिम घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. सुट्टीत ही मंडळी नातेवाइकांना घेऊन फिरायला निघतात. ‘शुक्रन’ म्हणजे अरबी आभार, त्याला उत्तर ‘अफ्वन’. दुबईहून आलेला खरा अरब पाहुणा असेल तर हे वापरा. पण दापोलीच्या कुटुंबाला अरबी ऐकवायची हौस करू नका. ते घरात आपली कोकणी बोली नाहीतर मराठी बोलतात. त्यांना ‘बरं वाटलं, या परत’ हेच योग्य.

कुणी तुम्हाला ‘जझाकल्लाह’ म्हणालं तर अर्थ असा की अल्लाह तुम्हाला याचं फळ देवो. आपल्या ‘देव बरा करो’चा हा सख्खा भाऊ. त्याचं ठरलेलं अरबी उत्तर आहे, पण ते येत नसेल तर ‘तुमचंही भलं होवो’ म्हणा आणि मान लववा. धर्माचे शब्द अर्धवट पाठ करून म्हणण्यापेक्षा हे शोभतं. बाईमाणसाशी हात मिळवायला आपण होऊन पुढे होऊ नका. हात जोडलेले सगळीकडे चालतात. वस्तू किंवा सुटे पैसे देताना उजवा हात, हे तुमच्या आजीने शिकवलंच असेल.

६. आभार स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवा

जेवण झाल्यावर महाराष्ट्रातला जुना माणूस ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. हा आशीर्वाद काउंटरवर बसलेल्याला नसतो, चुलीपाशी उभी असलेल्या बाईला असतो. जपानी ‘गोचिसोसामा’ तसंच, ज्यांनी खाऊ घातलं त्यांना उद्देशून. बाकीचे लोक आभार न मानता जेवणाची तारीफ करतात, ती ओळखता आली पाहिजे. कन्नड ‘ऊट चेन्नागित्तु’, तमिळ ‘नल्ला इरुंदुच्चु’, गुजराती ‘बहु सरस’, बंगाली ‘दारुण’. हा ‘दारुण’ ऐकून घाबरू नका, म्हणजे फर्मास. जर्मन ‘लेकर’.

यातलं काही कानावर आलं की आतल्या माणसाला बाहेर बोलवा. आमच्याकडे वडे करायला येणाऱ्या काकी सहसा पुढच्या पडवीत येत नाहीत. एकदा बंगळूरच्या एका बाई ताटावरून उठता उठता ‘ऊट तुंबा चेन्नागित्तु’ म्हणाल्या, तशी मी काकींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, बोटांना अजून वड्याचं पीठ. ‘काय म्हणता ती?’ मी म्हटलं, ‘जेवाण बरा झाला म्हणता.’ काकी म्हणाल्या, ‘मगे आणखी एक वडो घेवक सांग तिका.’ बाई पोट धरून नको नको म्हणत होत्या आणि काकींना कन्नड कळत नव्हतं, त्यामुळे वडा आलाच.

तुम्ही पाहुण्याचे आभार मानाल तेव्हाही कशाबद्दल ते सांगा. लाईट गेली आणि त्यांनी कुरकुर केली नाही. उशीर होणार म्हणून आधी फोन केला. समुद्रावरून येऊन पायांची वाळू बाहेरच्या नळावर धुतली. (हे करणारा पाहुणा विरळा, त्याचे आभार दोनदा माना.) ‘रात्री लाईट नव्हती, तुम्ही सांभाळून घेतलंत’ एवढं वाक्य मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत घरच्या सगळ्यांना यायला हवं. नुसत्या धन्यवादाला वजन येतं ते यामुळे.

७. छापून लावायचं असेल तर

खोलीत आभाराचं कार्ड ठेवायची हौस सगळ्यांना असते. ठेवा, पण छपाईत फार गोची होते. बाजारातल्या बऱ्याच डीटीपी दुकानांत अजून जुन्या मराठी फाँटांवर काम चालतं. कन्नड किंवा तमिळ मजकूर तिथे चिकटवला की चौकोन उमटतात, नाहीतर मात्रा भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. आम्ही एका दुकानातून करून घेतलेल्या कार्डावर उर्दूची सगळी अक्षरं सुटी सुटी आणि डावीकडून उजवीकडे लागली होती. उर्दू, अरबी, हिब्रू या लिप्या उजवीकडून डावीकडे जातात, आणि उर्दू-अरबीची अक्षरं एकमेकांना जोडली जातात. दुकानातल्या मुलाला ती नक्षीच वाटली, आणि त्याने ती कडेला सुबक बसवलीही.

उपाय सोपा. मजकूर स्वतःच्या मोबाइलवर युनिकोडमध्ये (फोनवरचं नेहमीचं टायपिंग तेच) तयार करा, त्याचं पीडीएफ करा आणि दुकानात ते पीडीएफच छापायला द्या. ‘पुन्हा टाइप करू नका’ हे दोनदा सांगा. छापण्याआधी त्याचा फोटो ती भाषा वाचणाऱ्या जुन्या पाहुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लोक आनंदाने तपासून देतात. आणि दहा भाषांचं कार्ड नको. मराठी, इंग्रजी आणि तुमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तिसरी भाषा, बस्स.

८. हातात काय द्यायचं

रिकाम्या हाताने पाठवायचं नाही ही आपली रीत. आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ, काजू. मूठभर पुरे, किंमत महत्त्वाची नाही. विमानाने जाणाऱ्याला सुकं खोबरं देऊ नका, तेलाच्या अंशामुळे विमानतळावर अडवतात. कोकमाच्या आगळाची बाटली हातातल्या सामानात ठेवली तर परदेशी पाहुण्याला तीही टाकून द्यावी लागते. मोठ्या बॅगेत घालायला सांगा, आणि बाटलीला दोन पिशव्या बांधा. आगळाचा डाग निघत नाही.

९. गेल्यानंतर

घरी पोचले का हे विचारणारा निरोप दुसऱ्या दिवशी पाठवा, त्याच दिवशी रात्री नको. दमलेले असतात. लेखी आभार पाहुण्याच्या लिपीत पाठवायचे असतील तर अ‍ॅपचं वाक्य उलट मराठीत भाषांतर करून पाहा. भलतंच काही निघालं तर वाक्य छोटं करा.

ऑनलाइन अभिप्रायाला त्याच भाषेत उत्तर द्या ज्या भाषेत तो लिहिलाय, आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य चिकटवू नका. नवा पाहुणा खोली ठरवण्याआधी ती उत्तरंच वाचतो. त्याला एका नजरेत कळतं की वाचून लिहिलंय की वाटून दिलंय. कुणी मच्छरांबद्दल तक्रार केली असेल तर आधी मच्छरांबद्दल लिहा, मग आभार.

वही दुरुस्त करायचं काम जून-जुलैसाठी ठेवा. मासेमारी बंद, होड्या ओढून ठेवलेल्या, पाहुणे तुरळक. रेकॉर्ड केलेले आवाज तेव्हा एकेक करून ऐका आणि घरातल्या सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लावा. गणपतीत चाकरमानी आले की त्यांना काहीही नव्याने शिकावं लागत नाही, तेव्हा वही मिटून ठेवा. ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा स्वयंपाकघरातल्या खुंटीला.